पत्ता बदललेलं पाकीट

उरण
दि. २ जून २०२६

तीर्थरूप आबांस,
कल्पिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे, गायीला कालवड झाली, रितेशने पडवीवर नवे पत्रे घातले, सगळं वाचून बरं वाटलं. मीही इथे ठीक आहे.

फोन का करत नाहीस, असं तुम्ही विचारलंय. आबा, फोन केला की उचलतो रितेश, आणि माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून कागद. शिवाय चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटत फिरलात, तुमच्या स्वतःच्या नावाचं पाकीट आलं की तुम्ही ते दोनदा उलटसुलट करून बघता, असं आई सांगते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला आहे. पत्र परत यायची वेळ आली तर बिचारं कुठे जाणार, असं म्हणायचात ना!

काम बरं आहे. कंटेनर यार्डाच्या गेटवर बसते. ट्रकचा नंबर, चालकाचं नाव, माल कुठला, हे कॉम्प्युटरवर चढवायचं आणि पास द्यायचा. पासाशिवाय एक चाक आत येत नाही. कधी कधी वाटतं, असं एक गेट माझ्यासाठी कुणी बांधलं असतं तर!

खोली सगुणाबाईंच्या घरात आहे. त्यांचे मालक दयारामभाऊ यांचे दोन ट्रक आहेत. सगुणाबाईंना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं, कारण नंतर कळण्यापेक्षा ते बरं. त्या म्हणाल्या, "कोन आयला तं मना हाक मार. मी हाय." इतकंच बोलल्या आणि भाकऱ्या थापायला लागल्या.

आता कोर्टाचं. तुम्ही लिहिलंय, "कोर्टकचेरी कशाला, चार माणसांत बसून मिटवू." आबा, मी तुम्हाला तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं. "तो बोटीवर भेटतो" एवढंच म्हणाले होते. भेटतो म्हटलं की सोयरा भेटल्यासारखं वाटतं. म्हणून आता नीट लिहिते.

डिसेंबरात हर्षदचं घर सोडलं आणि दिघीला खोली घेतली. नोकरी पलीकडे मुरुडला. रोज सकाळी आठची बोट, दिघीहून आगरदांड्याला. तिसऱ्या दिवसापासून हर्षद त्या बोटीत. मोटरसायकल चढवायची, तिकीट काढायचं आणि माझ्यासमोरच्या कठड्याला टेकून उभं राहायचं. बोलायचं काही नाही. पंधरा-वीस मिनिटं चारी बाजूंना पाणी. उठून जाणार कुठे? आगरदांड्याला उतरलं की माझ्या रिक्षामागे मोटरसायकल. संध्याकाळी परतीच्या बोटीत पुन्हा. मी साडेनवाची बोट धरली तर तो साडेनवाला. एक दिवस कामावर गेलेच नाही, तर खोलीसमोरच्या वडाखाली दुपारपर्यंत.

साडेचार महिने, आबा. एकच बाई मदतीला आली. वेणूबाई म्हणून मासळीवाली आहे. तिने काही विचारलं नाही, रोज आपली पाटी आमच्या दोघांच्या मधे ठेवायला लागली. त्याच्या बुटांवर पाणी ठिबकायचं तेव्हा तो मागे सरकायचा. तेवढाच माझा पोलीस बंदोबस्त.

खऱ्या पोलिसांकडे चार वेळा गेले. साहेब म्हणाले, "हात लावला का?" नाही. "शिवी दिली?" नाही. "तिकीट काढतो ना? मग बोटीत बसणं काय गुन्हा आहे का? आणि नवराच आहे ना तुमचा?" नवरा हा शब्द आला की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो, हे मी चारही वेळा पाहिलं. चौथ्या वेळी एका हवालदार बाईने हळूच सांगितलं की घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण आदेश मिळतो, संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. त्या अधिकारी बाईंनी अहवाल केला, मृणाल मॅडम म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळाल्या, मार्चमध्ये अर्ज दाखल झाला. तेव्हापासून तारखा चालू आहेत. एकदा त्याला नोटीस पोचली नाही. एकदा त्याचा वकील आजारी. एकदा कोर्टाचे साहेब रजेवर. अर्जाला शेंडा आहे म्हणावं तर बुडखा नाही. पुढची तारीख १२ जून.

तो आदेश का पाहिजे, तेही लिहिते. आदेश असला की त्याने माझ्या वाटेत उभं राहणं हाच गुन्हा. मग "हात लावला का" विचारत बसावं लागत नाही. माझा सगळा जीव त्या एका कागदात अडकलाय. तो कागद आला तर मी सकाळी घरातून निघू शकते, नाही आला तर मला आयुष्यभर गावं बदलत फिरायचंय.

म्हणून मे महिन्यात कुणाला न सांगता उरणला आले. हा पत्ता फक्त तुम्हाला दिला.

आबा, धोंड्याच्या जेवणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शेजारच्या पूनमने फोटो पाठवलाय. रितेशने म्हणे स्टेटसला ठेवला होता, 'भावोजींचा धोंडा' म्हणून. तो पाटावर बसलाय, तुम्ही वाकून त्याच्या पायांवर पाणी घालताय. आईच्या हातात अनारशांचं ताट. अधिक महिन्यात जावई उपाशी राहिला तर लेकीच्या संसाराला दोष लागतो, हे आईचं म्हणणं मला पाठ आहे. पण ते वाण लेक-जावयाला जोडीने देतात ना? मग लेक कुठे आहे, असं पंगतीत एकानेही विचारलं नाही?

राहू दे. राग आला की माझं अक्षर बिघडतं आणि तुम्हाला ते आवडत नाही.

एक सहज विचारते. तो जेवायला आला तेव्हा त्याच्या हातात काही कागदबिगद होता का? आठवत असेल तर कळवा.

आईला नमस्कार. कालवडीचं नाव काय ठेवलं?

आपली,
कल्पिता


उरण
दि. १३ जून २०२६

तीर्थरूप आबांस,
नमस्कार.

तुमचं उत्तर तारखेच्या आदल्या दिवशी मिळालं. पावसावर अकरा ओळी, भाताच्या राबावर चार, कालवडीचं नाव केसर. छान नाव आहे. मी जे विचारलं होतं त्यावर एक अक्षर नाही. तुम्ही विसराळू नाही आहात, आबा. गावात सातजण कोंडाजी नावाचे असताना एकाचं कार्ड दुसऱ्याला कधी दिलं नाहीत तुम्ही.

काल तारीख झाली. उरणहून पहाटेची एसटी धरून गेले. म्हसळ्याच्या स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबली. सगळे चहाला उतरले. आपल्या वाडीची वडाप जीप समोरच उभी होती, चालक ओळखीचा, तो आपला कान्हा. मी ओढणी डोक्यावरून घेऊन खिडकीच्या आत सरकून बसले. स्वतःच्या माहेरच्या स्टँडवर तोंड लपवून बसायचं! मला रडू नाही आलं, संताप आला. अजून उतरलेला नाही.

कोर्टात वेणूबाई आली होती. मी बोलावलं नव्हतं, मृणाल मॅडमनी फक्त नाव विचारून घेतलं होतं. मासेमारी बंदीचे दिवस, ताजी मासळी नाही, सुक्या बोंबलांवर घर चालतंय, तरी तो दिवस बुडवून आली. मला म्हणाली, "रोज बघितलंय तं सांगनार नाय काय? माजी पाटी बी साक्षीला आनली असती, पन वास मारतंय."

आणि मग त्याच्या वकिलाने फोटो काढला. तोच. छापून, मोठा करून. "अर्जदार म्हणतात की जिवाला धोका आहे. साहेब, हे २४ मे रोजीचं छायाचित्र. अर्जदाराचे वडील गैरअर्जदाराचे पाय धूत आहेत. ज्याच्यापासून लेकीला धोका, त्याचे पाय कुठला बाप धुतो?"

आबा, कोर्टात कुणीतरी हसलं. साहेबांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मला विचारलं, "हे तुमचे वडील?" मी म्हणाले, हो. दुसरं काय म्हणणार होते?

वेणूबाईला बोलायला मिळालंच नाही. पुढची तारीख २४ जून.

आता ते सांगते, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. मृणाल मॅडमनाही खोटं सांगितलं.

२९ मेला माझ्या नावाने एक पाकीट आलं. बँकेचं, हर्षदच्या घरच्या पत्त्यावर आलेलं. त्यावरचा पत्ता लाल पेन्सिलने एका रेघेत खोडलेला. बाजूला नवा पत्ता: माझं नाव, मार्फत दयारामभाऊ, गल्ली, उरण, गावाच्या नावाखाली दोन रेघा, पिनकोड सहा चौकटींत आणि साताच्या पोटातून आडवी रेघ. मी पोस्टमनच्या हातात ते पाकीट बघूनच हसले होते. म्हटलं, आबांनी पाठवलंय.

आत बँकेचा कागद नव्हता. माझा फोटो होता, दिघीच्या बोटीतला, मी पाण्याकडे बघतेय. मागे लिहिलेलं, "आता बोट कुठली?"

दोन दिवसांनी तो यार्डाच्या समोरच्या टपरीवर चहा पीत होता. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी असतो. तुम्हाला मागचं पत्र लिहिलं त्या दिवशीसुद्धा होता. 'मी ठीक आहे' असं मी लिहिलं तेव्हा खिडकी बंद करून लिहिलं होतं.

काय झालं असेल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते. जेवण झालं, विडा झाला, त्याने खिशातून पाकीट काढलं. "आबा, हिचं टपाल आमच्याकडे आलंय. पुढे पाठवायला पाहिजे." आणि तुम्ही चष्मा लावलात, खिशातली लाल पेन्सिल काढलीत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती खिशात असते. जुना पत्ता खोडलात, नवा घातलात. टपाल अडवून ठेवणं पाप, हे तुम्ही मला शिकवलंय. तुम्हाला वाटलं असेल, आपण लेकीचं टपाल मार्गी लावलं.

की तसं नाही, आबा? जावई स्वतःहून आलाय, पत्ता मिळाला तर समजूत घालून घेऊन येईल, पोरीचं घर पुन्हा लागेल, असं काही मनात होतं का? मला हे खरंच कळत नाही आणि त्यानेच मला झोप येत नाही. पहिलं असेल तर मी विसरायचा प्रयत्न करीन. दुसरं असेल तर तेही सांगा, पण पावसाबद्दल लिहू नका.

मृणाल मॅडमनी पाकीट बघून विचारलं होतं, "हे अक्षर कुणाचं?" मी म्हणाले, माहीत नाही. तुम्हाला कोर्टात ओढायचं नव्हतं मला. काल त्याचा वकील म्हणाला, पाकिटावर गैरअर्जदाराचं अक्षरच नाही, बाईने स्वतःच लिहून स्वतःला पाठवलंय. मी तुम्हाला झाकायला गेले आणि खोटी मीच ठरले. रात्री मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या चिडल्या, चिडायलाच हव्या होत्या. म्हणाल्या, आता एकच उपाय आहे. ज्याने लिहिलं त्याने येऊन सांगायचं की मी लिहिलं, आणि कुणी लिहून मागितलं.

म्हणजे तुम्ही.

मला माहीत आहे गाव काय म्हणेल. जावयाविरुद्ध कोर्टात उभा राहिला म्हणतील. रितेश आदळआपट करील, आई जेवणार नाही. भावकीत लग्नकार्याला बोलावणं येणार नाही कदाचित. हे सगळं मी धरून चालले आहे आणि तरीही मागतेय. मी तुमच्याकडे लग्नानंतर काही मागितलेलं नाही.

२४ जून, सकाळी अकरा. येताना लाल पेन्सिल आणा. नाही आलात तर मी समजून जाईन, आणि पुन्हा विचारणार नाही.

कल्पिता


दि. २९ जून २०२६

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वर गावाचं नाव लिहिलेलं नाही. विसरून राहिलेलं नाही.

तुम्ही आलात. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात छत्री, सोबत कुणी नाही. वाडीवरून पायी स्टँडपर्यंत आलात असं नंतर कळलं, कारण रितेशने मोटरसायकल दिली नाही. मी तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिलं आणि मृणाल मॅडमचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगडीचा वळ उठला.

तुम्ही जे बोललात ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय. साहेबांनी पाकीट दाखवलं. तुम्ही म्हणालात, "व्हय, अक्षर माझंच हाय. जावयानं लिवून मागितलं, मी दिलं." साहेबांनी विचारलं, मुलगी त्याच्यापासून लपून राहते हे माहीत होतं ना? तुम्ही बराच वेळ टोपी हातात फिरवलीत. मग म्हणालात, "माहीत होतं साहेब. पन पत्ता इचारला तं सांगायचा, येवढंच मला येतं. कशाला पायजे, ते चौतीस वर्सांत मी कुनाला इचारलं न्हाय. आन् खरं सांगायचं तं, पोर घरी जाईल आसं बी वाटलं."

दोन्ही होतं तर. बरं झालं, मला निवड करावी लागली नाही.

वेणूबाईनेही सांगितलं, पाटीसकट. दुपारी साहेबांनी अंतरिम आदेश दिला. त्याने माझ्या घराजवळ, कामाजवळ, वाटेत कुठेही यायचं नाही. फोन, पत्र, तिसऱ्या माणसाकडून निरोप, काही नाही. मोडला तर तुरुंग. माझा पत्ता आदेशात लिहायचा नाही, यासाठी मॅडम वीस मिनिटं भांडल्या, नाहीतर ज्याच्यापासून लपायचं त्याच्याच हातात तो शिक्का मारून गेला असता. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात द्यायला गेलो तर "उद्या या, आज आवक-जावक बघणारे नाहीत." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पोच घेतल्याशिवाय हलले नाही. तुमचीच लेक आहे.

आता जे झालं ते लिहायलाच हवं.

कोर्टाच्या आवारात तुम्ही छत्री उघडत होतात. हर्षद आला. मी मॅडमबरोबर जिन्यावर होते, तुम्हाला दिसत नव्हते. तो तुमच्यासमोर वाकला आणि तुमच्या पायांना हात लावला. म्हणाला, "येतो आबा. तब्येतीला जपा." आणि तुमचा उजवा हात उठला आणि त्याच्या डोक्यावर गेला.

क्षणभरच. लगेच चटका बसल्यासारखा तुम्ही तो मागे घेतलात, तेही मी पाहिलं. त्याने मान वर करून हसून घेतलं होतं तोवर.

आबा, अर्ध्या तासापूर्वी याच माणसाविरुद्ध तुम्ही सगळ्या गावाचा रोष पत्करून खरं बोललात. असा बाप किती जणींना मिळतो? हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि कुणी तुम्हाला नावं ठेवली तर त्याला मी सोडणार नाही. तुमच्या मनाबद्दल मला आता शंका नाही. पण तुमच्या हाताला सवय आहे. वाकणाऱ्याला आशीर्वाद द्यायची, विचारणाऱ्याला पत्ता लिहून द्यायची. तुम्ही नाही म्हणायच्या आत तो हात निघालेला असतो. मला त्या हाताची भीती वाटते.

म्हणून मी उरणची खोली सोडली. नवी खोली घेतली आहे, नवं काम आहे. कुठे, ते तुम्हाला सांगणार नाही. आईलाही नाही. आदेश आहे, पण आदेश कागदाचा आहे, त्याला पाय नाहीत आणि माझ्यामागे धावून येणाऱ्याला आहेत. लिहायचं असेल तर मृणाल मॅडमच्या ऑफिसला लिहा, कार्ड सोबत ठेवलं आहे. त्या माझ्यापर्यंत पोचवतील. खूप लिहा. पावसाबद्दलही लिहा, मी तसं बोलायला नको होतं. केसर किती मोठी झाली ते कळवा. आईला सांगा की तिचे अनारसे मला आवडतात, पूर्वीइतकेच.

पाकिटावरचा शिक्का वाचून गाव ओळखायची तुमची सवय मला माहीत आहे. हे पत्र दयारामभाऊंच्या ट्रकबरोबर गेलंय. वाटेत जिथे पेटी दिसेल तिथे टाका, गाव मलाही सांगू नका, असं त्यांना सांगितलं आहे. तेव्हा शिक्का उजेडात धरून बघू नका, आबा. डोळ्यांना त्रास होतो.

आणि पाकीट उलटून बघाल तेव्हा मागची बाजू कोरी दिसेल. पहिल्यांदाच असं पाठवतेय. परत यायची वेळ आली तर हे पत्र कुठे जाईल, मला माहीत नाही. तुमच्याकडेच राहू दे.

तुमचीच, पत्ता नसलेली,
कल्पिता